अस्वलाची पाठ

चैतूभाऊला मी फार थोडा ओळखत होतो. त्याचं आडनाव आत्राम, हेही मला तो गेल्यावर कळलं. धानोऱ्याकडच्या एका जंगलातल्या गावात तो खाटांचे पाय घडवायचा, एवढ्यावरच माझी ओळख थांबली होती.

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. टपाल वाटणारं एक अस्वल मी मनानं काढलं होतं. ते लाकडात हवं, म्हणून चित्र घेऊन त्याच्याकडे गेलो. त्यानं कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"मास्तर, हे मांगून कसं दिसते?"

"मांगून कोण पाहते, भाऊ?"

"कागदाचं चालते. लाकडाले पाठ लागतेच नं."

पंधरा दिवसांनी शिवणीच्या लाकडाचं अस्वल तयार झालं. पुढून ते माझं होतं. पाठीवर मात्र थैलीच्या पट्ट्यानं केस झिजलेले होते आणि थैलीत टपालाखाली मोहफुलांचं पुडकं लपवलेलं होतं.

चंद्रपूरच्या प्रदर्शनात लोक मागे जाऊनच हसत होते. एका बाईंनी विचारलं, "पाठीची कल्पना कोणाची?"

चैतूभाऊ माझ्या शेजारीच उभा होता.

"माझीच," मी म्हणालो.

खरं सांगायला मला अख्खी दुपार होती. मी सांगितलं नाही.

पुढे पावसाळ्यात तो तापानं गेला. आमची शेवटची भेट प्रदर्शनाच्याच संध्याकाळची, बसस्टँडवरची. खिडकीतून तो म्हणाला, "मास्तर, त्याले उन्हात नका ठेवा. चिरा पडतीन."

"नाई ठेवत," मी म्हणालो.