बारावी जर्सी

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजचा मुलींचा बास्केटबॉल संघ जाहीर होण्याआधीच मी दरवर्षी पेपरात छापतो, कारण जर्सी शिवणारे मास्तर माझ्या ओळखीचे. ते मापं तेलुगूत पुटपुटतात आणि माणसांना मराठीत झापतात.

यंदा त्यांच्या वहीत चव्वेचाळीसचं माप दिसलं. ‘धिप्पाड नवी सेंटर खेळाडू दाखल’ असं मी छापून मोकळा झालो. ते माप कोचसरांचं निघालं. शिवाय वहीत माप आधीच लिहिलेली, पण निवड चाचणीत गळलेली जेऊरची पहिल्या वर्षाची पोरगीही मी संघात घातली होती. ती रडवेली होऊन मास्तरांच्या दुकानात आली, तेव्हा मी तिथंच होतो.

“आण्णांनी गावभर पेपर दाखवलाय. सामन्याला येणारेत. काय सांगू आता?”

मी मास्तरांची वही उगाच चाळू लागलो.

“ह्यांनाच विचार की, लई मोठे लेखक हायत,” मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मास्तरच बारावी जर्सी घेऊन कोचसरांपुढे उभे राहिले. “अकराच नावं दिली तुमी. बारा चालतात की. कापड उरलं होतं, शिवून टाकली.”

सर हसले आणि त्यांनी तिला राखीव म्हणून घेतलं.

सामन्याला मी तिच्या आण्णांशेजारीच बसलो होतो. बाकावरच्या तिच्या जर्सीचा निळा रंग बाकीच्या अकरांपेक्षा जरा फिका होता. कापड उरलंच नव्हतं.