तीट लावलेली चकती

मुक्ता आणि सोहम,

तुम्ही दोघं गूढ अनुभवांची ही साईट वाचता आणि मग फोन करून विचारता, "आजी, तुला कधी आला का असा अनुभव?" मी दर वेळी नाही म्हणत आले. पण परवा मुक्ता म्हणाली की तिला तिकडे इंजिनाच्या पात्यांवरच्या कोटिंगचं काम मिळालंय... बाळा, तेच काम तुझ्या आजीने जळगावात केलंय. म्हणून आता लिहिते, आणि तुम्ही वाचता तिथेच लिहिते.

आधीच सांगते — मी रसायनशास्त्राची एम. एस्सी. आहे. करणी, दृष्ट असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. तुमच्या बाबावरून मी एकदाही मीठ-मोहरी ओवाळली नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत, मागच्या गल्लीत आमची छोटी प्रयोगशाळा होती. वीजकेंद्रातल्या गॅस टर्बाइनची पाती भयंकर तापतात, म्हणून त्यांच्यावर ॲल्युमिनियम असलेला एक पातळ थर देतात. तापून तापून त्यातलं ॲल्युमिनियम संपत जातं आणि शेवटी जुन्या भिंतीसारखे थराचे पोपडे उडतात. ते कधी उडतील हे आधी सांगायचं, हे आमचं काम. तसाच थर दिलेल्या रुपयाएवढ्या चकत्या भट्टीत तापवायच्या, गार करायच्या, वजन करायचं, पुन्हा भट्टीत. वजन घटायला लागलं की समजायचं, पोपडे सुटले.

मी वजनांच्या आलेखावरून आयुष्य काढायची. माझ्याबरोबरची पुष्पा एखादी चकती कापून मायक्रोस्कोपखाली बघायची, ॲल्युमिनियम किती उरलंय ते. निम्म्या चकत्या माझ्या नावावर असत, निम्म्या तिच्या.

ही पुष्पा माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी लहान, पण चारचौघांत मला अक्का म्हणायची. साहेब तिच्या डब्यातलं भरीत मागून खायचे, माझ्या डब्याकडे ढुंकूनही बघत नसत. ती हसली की सगळी लॅब हसायची. मला तिचा हेवा वाटायचा. तो मी लपवतही नसे.

त्यात कंपनीने कायमची जागा एकच मंजूर केली. साहेब म्हणाले, "या फेरीत जिचा अंदाज खरा ठरेल, तिची जागा." मला ती मिळाली नसती तर नोकरी सोडून धुळ्याला, देवपूरच्या घरी परतावं लागणार होतं. तुमच्या आजोबांनी तसं सांगूनच ठेवलं होतं.

त्याआधी काही दिवस पुष्पाच्या चकत्या तिच्या अंदाजाच्या आधीच जात होत्या. वजनं मीच करायची. एकदा तिची सासू विसरलेला डबा द्यायला आली. एरंडोलकडची बाई. सुनेची तक्रार ऐकून तिने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"याले नजर लागेल शे," ती म्हणाली. "पोरले तीट लावतस ना, तशी याले बी लाई दे. बठ्ठासनी नजर चांगली नही ऱ्हास." सगळ्यांचीच नजर चांगली नसते, म्हणे.

पुष्पा हसत सुटली, पण पर्समधून काजळाची डबी काढून तिने एका चकतीवर खरंच ठिपका टेकवला. "अक्का, साहेबांना सांगू नका हं."

मी कशाला सांगते? काजळ म्हणजे तेल आणि काजळी, त्यात बोटांचा घाम, म्हणजे मीठ. तापल्या धातूवर मीठ म्हणजे विषच. साहेबांनी अंदाज विचारले तेव्हा मी त्याच चकतीकडे बोट दाखवलं. "ही पहिली जाणार."

"ही शेवटची," पुष्पा म्हणाली. "सासूबाईंची गॅरंटी आहे."

काजळ पहिल्याच तापात जळून गेलं. फिकट डाग उरला. पुढे बाकीच्या चकत्यांची वजनं वाढली, मग घटू लागली. त्या एका चकतीचं वजन हललंच नाही. घटलं नाही हे एक वेळ समजू शकते, पण तापलेला धातू हवेतला ऑक्सिजन घेतो, वजन थोडं तरी वाढायलाच हवं. मी वजनकाटा तपासला, भट्टीतल्या जागा अदलून-बदलून पाहिल्या. काही फरक नाही.

एका दुपारी सगळे जेवायला गेले होते. गार झालेली ती चकती मी चिमट्यात धरली आणि अगदी डोळ्यांसमोर आणली. कितीतरी वेळ बघत राहिले. मग हळूच म्हटलं, "उड की आता."

टिक् असा आवाज झाला. ट्रेमधल्या माझ्या चकतीचा पोपडा उडाला होता.

योगायोग, मी म्हटलं. गार होताना पोपडे उडतातच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच बघितलं, पुन्हा तेच म्हटलं. टिक्. माझीच, दुसरी. तिसऱ्या दिवशी मी तोंडातून शब्द काढला नाही, नुसती बघितली... आणि माझी उरलेली शेवटची चकतीही गेली. माझ्या आलेखाप्रमाणे तिला अजून पुष्कळ आयुष्य होतं.

जागा पुष्पाला मिळाली.

मी नोकरी सोडून निघायच्या आधी तिने ती तीट लावलेली चकती माझ्यासमोर कापली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. बघता बघता तिचं हसू गेलं. "अक्का, तुम्ही बघा." थरात ॲल्युमिनियम उरलंच नव्हतं. तिच्या पद्धतीनेही ते कोटिंग कधीच उडायला हवं होतं. धरून ठेवायला काही नसताना ते धरून होतं. मग आम्ही दुसऱ्या एका चकतीला तीट लावून पाहिली, ती पहिल्याच दिवशी खराब झाली. साहेबांनी अहवालातून दोन्ही वगळल्या.

पुष्पाने एक अर्धी माझ्या हातात ठेवली. "घ्या, अक्का. माझ्यापेक्षा तुम्हीच हिच्याकडे जास्त बघितलंय."

मी ती रुमालात बांधून घरी आणली. पुढे मी देवपूरच्या शाळेत शिकवलं. जुनी पुस्तकं चाळली, ओळखीच्या प्राध्यापकांना विचारलं. कोणी म्हणाले वजनात चूक झाली असेल, कोणी नुसतेच हसले. वजनात चूक नव्हती. मुक्ता, तुला कारण सापडलं तर मला कळव. मात्र ते तुझं तूच शोध, पुष्पाच्या घरच्या कोणाला विचारून नको.

ती लॅब बंद पडून बरीच वर्षं झाली. पुष्पाकडच्या अर्धीचं काय झालं, मी विचारलेलं नाही. माझ्याकडची अर्धी देवपूरला, माझ्या कपाटात आहे. तिच्यावरचं कोटिंग अजून शाबूत आहे.