नाक खाली

सुधाकरकाकाच्या उजव्या तर्जनीला कायम चिंधी बांधलेली असायची, आणि तीही अस्सल कोसा रेशमाची. साकोलीत आमचं हातमागाच्या लुगड्यांचं दुकान होतं, तुकड्यांना तोटा नव्हता. गिऱ्हाईक विचारी, "बोटाले काय झालं जी?" काका शांतपणे सांगे, "विमान चावलं."

खोटं नव्हतं ते. रेडिओवर चालणारं विमान त्यानं स्वतःच्या हातानं बनवलं होतं. पंखांवरही कोसाच ताणून चढवलेला. एवढंसं इंजिन, पण नखरे किती! बोटानं पंखा फिरवून ते सुरू करावं लागे, आणि पंखा हटकून बोटावर बसे. इंधनात एरंडेल घालावं लागे, त्यामुळे काकाच्या सदऱ्यालाही तोच वास.

नागपूरला शिकताना त्याला हा नाद लागला. तिथेच खऱ्या विमानांच्या वर्कशॉपात नोकरीही ठरली होती. तेवढ्यात माझे वडील गेले आणि आजोबांनी या धाकट्याला बोलावून घेतलं. दुकान, आई, मी, सगळं त्याच्या गळ्यात पडलं. त्यानंतर काका उडाला तो फक्त एकोडीच्या आमच्या शेतात. धान कापून झालं की रविवारी सगळे बैलबंडीतून जायचो. आजोबाही यायचे, पण राखणीला आल्यासारखे.

एकदा कंट्रोलची पेटी माझ्या हातात होती. वर इंजिन फुरफुरलं आणि एकदम गप्प. मी घाबरून विमान वर ओढू लागले.

"नाक खाली कर, पोरी!" काका ओरडला. "इंजन बंद पडल्यावर नाक वर केलं का धपकन पडते. खाली ठेव, मंग बरोबर घरी येते."

आलं बापडं, धानाच्या खुंटांवर घसरत. आम्ही नाचलो. आजोबा खुशीत म्हणाले, "पाह्य, तुह्या विमानालेबी घरीच यावं लागते." काका विमानावरचं एरंडेल पुसत बसला. असा राग आला मला आजोबांचा!

बारावीनंतर मला नागपूरच्या तंत्रनिकेतनात जागा मिळाली. आजोबांनी इकडे पवनीचा मुलगा पाहून ठेवलेला.

"पोरगी एकटी शहरात राहीन? घराचं नाक कापाचं हाये का?"

आजोबांसमोर कधी चकार शब्द न काढलेला काका लुगड्याची घडी घालता घालता म्हणाला, "बाबूजी, माहं नाक इतके वर्सं खालीच हाये ना? तेवढं पुरे या घराले."

आजोबा उठून आत गेले. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. आईनं माझी पेटी भरायला घेतली.

बसस्टँडवर काका सोडायला आला. मी म्हटलं, "काका, तू बी चाल ना."

"माहं इंजन तं केव्हाच बंद पडलं, बाई. मी उतरून राहिलो हळूहळू." मग चिंधीचं बोट माझ्या कपाळाला टेकवून म्हणाला, "तुहं चालू हाये. नाक वर ठेव."

मी गेल्यावर एकोडीची बंडी पुन्हा जुंपली गेली नाही, असं आई सांगायची. काका गेला तो दुकानातच, गाठोड्याला टेकून. मी धावत आले आणि आधी त्याचं बोट पाहिलं. चिंधी नव्हती. जखम केव्हाच भरून आली होती.