शेवटच्या घोड्याचा गूळ

घोड्यातलं मला जेवढं कळतं, तेवढं अख्ख्या जर्मनीत कुणाला कळत नसेल. मिरजेत वीस वर्षं टांगा हाकला. आता घोडा मला न विचारताच घरी परतायचा, ही गोष्ट वेगळी. पण माझ्या व्याह्यांसारखा उलट्या डोक्याचा माणूस मात्र दोन्ही देशांत दुसरा नाही. व्याही म्हणजे सुनेचे वडील, पुण्याचे रिटायर्ड हेडमास्तर. दोन महिने आम्ही दोघंही जर्मनीत, रेगेन्सबर्गला मुलांकडे. या गृहस्थांना कायम शेवटच्याचा पुळका. बेकरीत गेले की कोपऱ्यात उरलेला वाकडा ब्रेड मागणार, "त्याला कोण नेणार हो?" स्टॉपवर सगळ्यांना आधी चढवणार, मग बस निघून जाणार आणि हे खाली उभे राहून तिला टाटा करणार. मॅच बघताना अकरावा गडी आला की यांचा चेहरा खुलतो.

मी घोड्यांच्या एवढ्या बाता मारल्या की शेवटी मुलानं रजा टाकून सगळ्यांना डोंगरातल्या एका तळ्यावर नेलं. तळं गोठलेलं, आणि त्याच्यावर घोड्यांची शर्यत, मागं बिनचाकाच्या गाड्या जोडून! सूनबाई म्हणाली, "बाबा, आज कळेल हं तुमचं ज्ञान." झालं, माझी सगळी अब्रू बर्फावर. मी कान बघितले, टापा बघितल्या आणि सात नंबरची तपकिरी घोडी जाहीर करून टाकली. आमच्याकडे बैल जिंकला की गुलाल उधळतात, म्हणून देवघरातली पुडी खिशात होतीच. व्याह्यांच्या खिशात गुळाचा खडा.

"हा कुणाला?"

"शेवटच्याला," ते म्हणाले.

शर्यत सुटली आणि मला काही समजेना. बर्फाचा धुरळा, गोल गोल फेऱ्या, भोंग्यावर एक बाई जर्मनमध्ये किंचाळतीय. मुलाला विचारलं तर तो म्हणतो, "आल्झो... म्हणजे... थांबा, मलाच कळेना." तेवढ्यात धुरळ्यातून सात नंबर आली, एकटी! मी नाचायलाच लागलो. शेजारी व्याहीही टाळ्या वाजवत होते, तिथंच मला शंका यायला हवी होती. घोडी एकटी होती, कारण बाकीचे केव्हाच पोचले होते.

ते डोक्यात शिरायच्या आत पाय सटकला, पालथा पडलो आणि पुडी पोटाखाली फुटली. पांढऱ्या बर्फावर लाल सडा! चौघं जण स्ट्रेचर घेऊन धावले. मी "गुलाल, गुलाल" म्हणतोय, ते आणखीनच घाबरतायत. सूनबाईनं समजावलं, तरी पोट तपासल्याशिवाय त्यांनी काही सोडलं नाही.

सगळं तळं हसत होतं. मुलगासुद्धा. व्याही तेवढे दिसेनात. थोड्या वेळानं आले, घोडीला गूळ भरवून, आणि इस्त्रीच्या पँटीनिशी माझ्या शेजारी त्या गुलालातच बसले. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान होतं. माझं मन जरा हेलावलं.

"मास्तर," मी म्हटलं, "पोरांच्या घरी एवढी शिकलेली माणसं येतात, आणि तुम्ही दोन महिने माझ्याच शेजारी बसलात. काय दिसलं हो माझ्यात?"

त्यांनी उरलेला अर्धा खडा माझ्या हातावर ठेवला.

"अहो व्याही, घोडीला दिला तेव्हा तिनं नाही विचारलं. खा मुकाट्यानं."