काड्यांवर टांगलेलं दार

जयपूरच्या घरात आम्ही साडेचार वर्षं राहिलो, पण भिंतीला एक खिळा मारला नाही. कॅलेंडर खिडकीच्या गजाला बांधलेलं, आरसा टेबलावर भिंतीला टेकवून ठेवलेला आणि सामान ज्या लाकडी खोक्यांतून आलं ती खोकी पलंगाखाली जशीच्या तशी रचलेली. माझे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. दर तीन वर्षांनी बदली ठरलेली, त्यामुळे घरात काहीही मोडलं की अण्णांचं उत्तर एकच, "राहू दे, तिकडे गेल्यावर बघू." हे तिकडे म्हणजे कुठे, ते कुणालाच माहीत नसायचं. खरं सांगते, त्या वाक्याचा मला अजून संताप येतो.

घरात माणसं तीनच, अण्णा, आई आणि मी. आणि एक पुस्तकांचं कपाट. सागवानी, काचेच्या दोन दारांचं. लग्नानंतर आईनं हट्ट धरून साताऱ्याला करवून घेतलेलं. जयपुरात मराठी पुस्तक मिळायची मारामार, तेव्हा तिचं सगळं वाचन त्या चार फळ्यांवर. एकेक पुस्तक पाच-पाचदा वाचलेलं, तरी दुपारी भांडी झाली की ती पदराला हात पुसत कपाटापाशी जायचीच. पण साताऱ्याच्या लाकडाला जयपूरची हवा मानवली नाही. कोरड्या उन्हाळ्यात ते आक्रसायचं, बिजागऱ्यांचे स्क्रू ढिले व्हायचे आणि डावं दार झुकून खालच्या फळीवर अडकून बसायचं. मग आई एका हातानं दार उचलून धरायची आणि दुसऱ्यानं पुस्तक ओढायची.

अण्णांची दुरुस्ती ठरलेली होती. दार उतरवायचं, रुंदावलेल्या भोकांत आगपेटीतल्या काड्या मोडून कोंबायच्या आणि त्यांवर स्क्रू पिळायचे. दोन-तीन महिने निघायचे, की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. "अहो, एखादा मिस्त्री बोलवा ना," आई म्हणायची. "बदली तोंडावर आलीय, आता कशाला?" अण्णा म्हणायचे. ही तोंडावरची बदली दीड वर्षं तोंडावरच होती.

साठ सालच्या पुढेमागे, दिवाळीच्या आधीचा रविवार. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. साफसफाई काढली होती आणि डावं दार या खेपेला पार निखळलं, वरच्या बिजागरीचे तिन्ही स्क्रू हातात आले. अण्णांनी काड्या कोंबल्या, मी स्क्रूंचा डबा घेऊन उभी राहिले आणि आईनं दोन्ही हात वर करून दार चौकटीला लावून धरलं. पहिला स्क्रू अर्धा गेला असेल नसेल, तिचा डावा हात एकदम खाली आला. दार कलंडलं, त्याचा कोपरा अण्णांच्या गुडघ्यावर बसला. काच वाचली ते नशीब.

"अगं, नीट धरता येत नाही का? लक्ष कुठंय?" अण्णा ओरडले.

एरवी आईनं दोन शब्द ऐकवले असते. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले तर भिंतीकडे तोंड करून, उजवा हात डाव्या काखेत दाबून उभी. "आई, काय झालं?" तर म्हणे काही नाही, उसण भरलीय. मी तिचा हात बाजूला केला. काखेच्या खाली, छातीच्या कडेला, चोळीवरूनसुद्धा हाताला लागलं. लिंबाएवढं, आणि दगडासारखं घट्ट.

"कधीपासून आहे हे?"

"हळू बोल. झाले थोडे दिवस."

"डॉक्टरकडे चल. आत्ता."

"इथं?" ती अशी काही दचकली, की जणू मी तिला चौकात नेऊन उभं करणार होते. "अगं, मला भाजी घेण्यापुरतं हिंदी येतं. भैया, कितने को दिया, यापलीकडे माझं घोडं जात नाही. असलं दुखणं मी परक्या माणसाला काय तोडक्यामोडक्या बोलीत सांगू? बदली होऊ दे, पुण्याला मावशी आहे तुझी, ती नेईल. आणि ह्यांना बोलशील तर माझी शपथ आहे तुला."

शपथ घातली तिनं. मी तीन दिवस ती पाळली. आई चकल्या पाडत होती, उजव्याच हातानं. चौथ्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. अण्णा ऑफिसातून येऊन बूट काढत होते, मी सरळ पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी वर पाहिलंच नाही. बुटाची नाडी सोडत म्हणाले, "ठाऊक आहे मला."

त्यांनी तो बूट काढून हातात घेतला.

"श्रावणातच अर्ज केलाय मी. कारण लिहून दिलंय, पुणे मागितलंय. तिथं आपली माणसं आहेत, आपले डॉक्टर आहेत. तिला इथं मोकळेपणी बोलता येणार नाही. आजउद्या हुकूम येईल."

"श्रावणात? आणि आता आश्विन संपत आला! अण्णा, ही काय दाराची बिजागरी आहे, काड्या कोंबून चालवायला?"

मी बापाशी असं कधी बोलले नव्हते. वाटलं, आता कानाखाली बसणार. पण ते खुर्चीत तसेच बसून राहिले, एक बूट पायात आणि एक हातात. त्यांचा चेहरा पाहून माझा राग ओसरायला हवा होता. नाही ओसरला. त्यांनी ठाऊक असून तिच्याशी ब्र काढला नव्हता, तिनं त्यांना शपथेआड ठेवलं होतं आणि दोघंही एकाच लखोट्याची वाट बघत होती. म्हणजे माणसं तीन आणि सगळ्यांना सगळं ठाऊक, फक्त कुणी कुणाला सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी टांगा बोलावला. आई नको नको म्हणत होती, पण लुगडं बदलून बसली. दवाखान्यात बायका तिच्या नऊवारीकडे टकामका पाहत होत्या. लेडी डॉक्टर वयानं मोठ्या आणि शांत होत्या. त्यांनी तपासलं, हात धुतले आणि मला विचारलं, "कब से है?"

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "गुढीपाडव्याला न्हाताना लागलं हाताला."

पाडवा! सात महिने. मला वाटत होतं, फार तर दोन. मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरबाई आईकडे वळून म्हणाल्या, "सात महीने क्या करती रहीं आप?"

हे काही मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही. आईला बरोबर कळलं. माझ्याकडे बघून ती मराठीत म्हणाली, "सांग त्यांना, आमची बदली व्हायची होती."

मी सांगितलं. डॉक्टरबाई कागद ओढून लिहायला लागल्या.

ऑपरेशन जयपुरातच झालं, त्याच आठवड्यात. ते चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले, पण फार उशीर झाला होता असंही म्हणाले. आई घरी आली ती पुढच्या खोलीत, कपाटासमोरच्या पलंगावर. तिला आता वाचायचं असायचं. मी पुस्तक काढायला जायची तर ते मेलं दार पुन्हा झुकलेलं, उचलल्याशिवाय उघडेना, आणि उचललं की कर्र आवाज. आई डोळे मिटून घ्यायची. एक दिवस अण्णा बाहेर गेले आणि मिस्त्रीला घेऊन आले.

मिस्त्रीनं दार उतरवलं, भोकांतल्या काड्या टोच्यानं उकरून काढल्या. जमिनीवर केवढा ढीग झाला त्यांचा! भोकं गिरमिटानं साफ केली, सागवानाच्या गोल खुंट्या तासून सरसात बुडवल्या आणि आत ठोकून बसवल्या. सरस वाळायला दार दिवसभर उतरवून ठेवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं त्या खुंट्यांत नवे स्क्रू पिळले. दार बोटानं ढकललं तरी मिटायला लागलं.

"बस, इतना ही था?" अण्णांनी विचारलं.

"इतना ही था, बाबूजी," तो हत्यारं गोळा करत म्हणाला.

अण्णा त्या दाराशी कितीतरी वेळ उभे होते. उघडायचे, मिटायचे. आई पलंगावरून म्हणाली, "पुरे आता, नाहीतर पुन्हा ढिलं कराल." तिला हसू आलं होतं. मलाही आलं, आणि त्याच वेळी रडूही आलं, म्हणून मी चहा टाकायला आत गेले.

ती फाल्गुनात गेली. होळीला चार दिवस होते. गल्लीत पोरं आधीपासूनच रंग उडवत होती. आमच्या दारात माणसं जमलेली पाहून त्यांच्या आयांनी त्यांना आत बोलावलं.

तेरा दिवस झाले. मावशी पुण्याला परत गेली. त्यानंतरच्या आठवड्यात अण्णा ऑफिसातून लवकर आले, खिशातून लांबट लखोटा काढून त्यांनी माझ्या हातात दिला आणि पाय धुवायला गेले. इंग्रजीत चार ओळी होत्या. पत्नीच्या प्रकृतीच्या कारणास्तव केलेली विनंती मान्य करून आपली पुण्याला बदली करण्यात येत आहे.

मी ते दोनदा वाचलं. अण्णा ओल्या पायांनीच दारात येऊन उभे होते.

"आता?" मी विचारलं.

"जायचं," ते म्हणाले. "आपणच मागितली होती ना."