पावरी जाईल तिकडे

त्या दिवशी सकाळपासून आभाळ अगदी कौलांवर टेकलं होतं. मार्गशीर्षात पाऊस यायचं काही कारण नाही, पण बारीक बारीक येत होता. थंडी अशी, की माझ्या पावरीचं मेण कडक होऊन फुटायला आलं. शेजारी जान्याच्या अंगणात डोंगऱ्यादेवाचा फेर धरायचा होता, आणि मी चुलीपाशी पावरी मांडीवर घेऊन मेण शेकत बसलो होतो. हात चालत होते, मन काही उठत नव्हतं.

शेकता शेकता एकेक आठवायला लागलं. पावरी नुसती भिंतीला टांगून ठेवली तरी आत काहीतरी येऊन बसतंच. कधी कुंभारमाशी, कधी किस्सा. कुंभारमाशीचं घर काडीने काढता तरी येतं!

*

ज्यांनी पावरी पाहिली नाही त्यांना सांगतो. सुकलेला भोपळा, त्याला बांबूच्या दोन नळ्या, पुढे बैलाचं शिंग, सगळं मेणाने जोडलेलं. वाजवणारा मधे, बाकीचे एकमेकांना धरून त्याच्याभोवती नाचणार. पावरी वळेल तिकडे फेर वळतो. वाजवणाऱ्याने गालात हवा साठवायची, नाकाने दम घ्यायचा, सूर तुटू द्यायचा नाही.

मी तरणा असताना एकदा फेर रंगला आणि कुणाचा तरी बैल सुटून थेट माझ्याकडे आला. सूर तोडता येत नाही. मग वाजवत वाजवत मागे सरकत गेलो. अंगण संपलं, शेत संपलं, नाला आला. मी नाल्यात. माझ्याबरोबर सगळा फेर नाल्यात!

आमचा बुधा भगत काठावरून ओरडला, "अरे, पाण्यात कशाला गेलात?"

फेरातून कुणीतरी ओरडलं, "पावरी गेली म्हणून!"

जान्या गुडघाभर पाण्यात उभा. तो म्हणाला, "सूर चुकला नाही अजून. चालू दे!"

*

ह्या जान्याचा कान म्हणजे वेगळंच काम आहे. आमच्या दोघांत एक कुडाचं कुंपण. जन्मात त्याने पावरीला तोंड लावलं नाही, पण मी वाजवली की दुसऱ्या सकाळी तंबाखू मळत हजर.

"काल दुसऱ्या वळणावर सूर आडवा गेला."

"तुला रे कसं कळलं?"

"मला कशाला कळायला पाहिजे? माझी म्हैस वळून बघत होती!"

एवढी वर्षं झाली, चांगलं वाजवलंस असं काही त्याच्या तोंडातून निघालं नाही. फारच खूश झाला तर म्हणायचा, "काल म्हैस गप्प होती."

*

एकदा मी आणि बुधा भगत एसटीने निघालो. पावरी फडक्यात बांधून मांडीवर. शिंग बाहेर आलेलं. कंडक्टर खाली सपाटीकडचा, अहिराणी बोलणारा. तो दोन हात लांबच थांबला.

"आबा, यामा साप शे का?"

बुधा म्हणाला, "साप नाही. देव आहे."

कंडक्टरने थोडा विचार केला. "मंग पुढला सीटवर बसाडा त्याले!"

नवापूरपर्यंत पावरी खिडकीशी बसली आणि आम्ही दोघं उभे.

*

पावसाळ्यात पावरी वाजवायची नाही, असं आमच्यात आहे. वाजली तर पाऊस पळतो. नवं धान्य घरात आलं की मगच ती भिंतीवरून खाली काढायची. आता आदिवासी दिन येतो ऑगस्टात! एका वर्षी तालुक्याच्या साहेबांनी आम्हा दोघांना स्टेजवर बोलावलं. बुधा म्हणाला, हा वाजवणार नाही. साहेब मनाने चांगले होते. म्हणाले, "वाजवू नका. तुमचं रेकॉर्डिंग आहे, ते स्पीकरवर लावतो. तुम्ही नुसते गाल फुगवा."

फुगवले. टाळ्या पडल्या. दोघांना शाल मिळाली.

आणि पाऊस गेला तो गेलाच. भाताची रोपं पिवळी पडली, तेव्हा गाव बुधाच्या दारात. बुधाने शाल काढून समोर ठेवली. "आम्ही गाल फुगवले. वाजवली स्पीकरने. त्याला जाऊन विचारा!"

*

माझा पुतण्या रमेश थोडी थोडी पावरी शिकला होता. पण तो आधी सुरतेला प्लंबरच्या हाताखाली, आणि आता थंडी पडली की बारडोलीकडे ऊसतोडीला. एकदा आला तेव्हा म्हणाला, "काका, दरसाल मेण लावत बसता. कायमचं काम करून देतो." पाइप जोडायचा पांढरा मसाला त्याने पावरीला सगळीकडून थापला. वाळल्यावर हातात दिली. "घ्या. आता थेंब गळणार नाही!"

मी फुंकली. डोळे बाहेर आले, आवाज काही आला नाही.

बुधा म्हणाला, "काम पक्कं आहे. थेंब गळत नाही, सूरही गळत नाही!"

त्यावर आम्ही पुष्कळ हसलो. आता दर थंडीला रमेश जातो, गावातली निम्मी माणसं जातात, आणि फेर आखूड होत जातो. अंगण तेवढंच आहे, म्हणून ते जास्त मोठं दिसतं.

*

औंदा खोकला हटेना म्हणून दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी हातात एक प्लास्टिकचं यंत्र दिलं, आत तीन गोळे. मी नळी तोंडात धरून जोर लावला. गोळे ढिम्म.

"आजोबा, फुंकायचं नाही. ओढायचं."

"बाई, जन्मभर फुंकत आलो. ओढायची सवय नाही."

मग ओढलं. एक गोळा अर्ध्यापर्यंत आला आणि खाली बसला. बाई हळू बोलल्या, "आता फुंकणं बंद करा."

बुधाला सांगितलं. "खरं आहे," तो म्हणाला, "पण दुसरा आहे कोण?"

दुसरा कोणी नव्हता. आणि औंदा मानता, म्हणजे नवस, जान्याचा होता. त्याच्या सुनेचं बाळंतपण फार अवघड गेलं, ती हातची जाते की काय असं झालं, तेव्हा तो देवाला बोलला होता. सून वाचली, नात वाचली. फेर पुरा होईपर्यंत पावरीचा सूर तुटला नाही, तरच मानता फिटते. तुटला तर पुढच्या वर्षी सगळं पुन्हा.

*

म्हणून त्या दिवशी मेण शेकलं आणि कुंपण ओलांडून गेलो. पावसाने अंगण निसरडं झालं होतं. फेरात बायामाणसं धरून जेमतेम दहा जण. मी मधे उभा राहिलो, पावरी तोंडाला लावली. पहिली वळणं बरी गेली. मग छातीत कळ आली. गालात हवा भरायला गेलो, तर भरायला हवाच नाही. सूर तुटला.

पावरी माझ्या हातात लोंबत राहिली. फेर थांबेल म्हणून मी खाली मान घातली. फेर थांबला नाही. चिखलात पाय पडत होते, एकसारखे, माझ्याभोवती. कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मी परत पावरी उचलली नाही, उचलता आलीच नाही. उरलेली सगळी वळणं पुरी झाली, मग बुधाने नारळ फोडला.

पावसाची भुरभुर चालूच होती. मी जान्याजवळ गेलो. नात त्याच्या कडेवर होती. म्हणालो, "जान्या, माझा दम तुटला रे. पुढच्या वर्षी पुन्हा फेर धरावा लागेल तुला."

"कशाला?" जान्या म्हणाला. नातीच्या डोक्यावर त्याने पदरासारखं उपरणं ओढलं. "शेवटच्या वळणावर सूर जरा आडवा गेला, तेवढंच. माझी म्हैस वळून बघत होती."