रिकाम्या रॅकचा रिपोर्ट

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. बायकोला अर्धंच ठाऊक आहे. आमच्या प्लांटच्या एका रिपोर्टातला गंज मी घरच्या लोणच्याच्या बरणीत मुरत घातला होता.

मी रायपूरजवळच्या एका स्टील प्लांटात गंज मोजायचं काम करायचो. पद्धत साधी आहे. पाइपाच्याच धातूची बोटाएवढी पट्टी घ्यायची. तिला कूपन म्हणतात. तिच्यावर नंबर ठोकलेला असतो, वजन बारीक काट्यावर केलेलं असतं. ती कूलिंग टॉवरच्या पाण्यात, रॅकमध्ये, नव्वद दिवस टांगायची. मग काढून, घासून परत तोलायची. जेवढं वजन घटलं, तेवढा गंज पाइपालाही लागतोय असं धरायचं.

त्या वर्षी कूपन टांगायचा दिवस नेमका विश्वकर्मा पूजेचा निघाला. आमच्याकडे त्या दिवशी पाना-पक्कडीपासून वजनकाट्यापर्यंत सगळं मूर्तीपुढे मांडतात. मीही कूपन मांडलं. कुंकू लावलं. प्रसाद घेतला आणि विसरलो. दुसऱ्या दिवशी निर्माल्याच्या पोत्यातून ते खारून नदीत गेलं.

नवं मागवायचं तर कारण लिहावं लागतं. काय लिहू, देवाने नेलं?

वासनिक कूलिंग टॉवरवर ऑपरेटर होता. ठेक्यावरचा, पण शिस्तीचा. पाण्यात गंज रोखणारं केमिकल सोडायचं काम त्याचं.

"साहेब, रॅक रिकामाच दिसून राहिला."

"दुसऱ्या लाइनवर लावलंय."

"हव," म्हणाला आणि गेला. परत विचारलं नाही.

नव्वद दिवस भरले. वरून मोठे साहेब येणार होते, मॅनेजरना रिपोर्ट हवा होता. मी वर्कशॉपमधून तशीच पट्टी कापली, तोच नंबर ठोकला. जुन्या कागदावरचं वजन येईपर्यंत कानशीने घासत बसलो. मोजमापाच्या नोकरीत एवढं अचूक काम मी कधी केलं नव्हतं. आता तीन दिवसांत गंज हवा होता. लॅबमध्ये आम्ल होतं, पण त्याला रजिस्टरवर सही लागते. घरी आंब्याचं लोणचं होतं. मीठ आणि खटाई, लोखंडाला आणखी काय पाहिजे?

"अहो, लोणच्यात लोखंड काहून?" बायकोने विचारलं.

"टेस्टिंग आहे."

"मग तुमच्या मॅनेजरच्या घरच्या बरणीत करा ना. आपली पोट्टी खाते ते."

एक गोष्ट मी विसरलो. लोणच्यात तेल असतं. तेल लोखंडाला चिकटलं की पाणी आणि हवा आत पोचत नाही. चौथ्या दिवशी पट्टी काढली तर जवळपास जशीच्या तशी. रिपोर्ट तासाभरात द्यायचा होता. मी तोललं आणि जो आकडा आला तोच लिहिला. पट्टी खोटी, नंबर खोटा, दिवस खोटे. तेवढं वजन मात्र प्रामाणिकपणे लिहिलं.

मॅनेजर खूष. "भैया, इतना बढ़िया रेट! जंग तो है ही नहीं। फिर केमिकल इतना क्यों डाल रहे हैं? आधा कर दो।"

तिथे बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "जी सर."

वासनिक माझ्याकडे आला. "साहेब, आधा डोस? पाणी लाल होऊन राहिलं. तसं लॉगबुकात लिहू का?"

"रिपोर्ट चांगला आहे," मी म्हणालो.

काही महिन्यांनी कंडेन्सरच्या, म्हणजे त्याच पाण्याने वाफ थंड करणाऱ्या यंत्राच्या, नळ्यांना सुईएवढी भोकं पडली. प्लांट बंद झाला. चौकशीत सरळ हिशेब निघाला: रिपोर्ट उत्तम, म्हणजे अर्धा डोस पुरेसा होता. तरी नळ्या गेल्या, म्हणजे ऑपरेटरने तेवढाही सोडला नाही, केमिकल बाहेर विकलं.

मॅनेजरने मला सगळ्यांसमोर विचारलं, "कूपन में गड़बड़ हो सकती है?"

"नाही सर," मी म्हणालो. तेच लिहून सही केली.

मग वासनिकला विचारलं. तो म्हणाला, "डोस मी रोज सोडला, साहेब. रॅकमध्ये मले कूपन दिसलं नाही. पण भाऊ म्हणाले दुसऱ्या लाइनवर आहे, तर असनच. भाऊ खोटं नाही बोलत." ड्यूटीवर तो मला कायम साहेब म्हणायचा. भाऊ त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला.

त्याला त्याच आठवड्यात काढलं. मला त्या रिपोर्टाबद्दल शाल-श्रीफळ मिळालं होतं, ते कोणी परत मागितलं नाही.

आता तो अभनपूरकडे एका राइस मिलमध्ये बॉयलर चालवतो. केमिकल चोरणारा म्हणून कुठल्या मोठ्या प्लांटने त्याला घेतलं नाही. नवशिक्यांना मी एवढंच सांगतो: रॅक रिकामा असेल तर लॉगबुकात रिकामा लिहा. बोलणी खाल, पण ती तुमची तुम्ही खाल.

चौकशीच्या फाइलमध्ये माझा जबाब अजून तसाच आहे. तो खोटा होता असं कंपनीला सहीनिशी लिहून देणं, आणि त्याआधी अभनपूरला जाऊन वासनिकला तोंडाने सांगणं, ही दोन्ही कामं माझ्याकडून बाकी आहेत.